लॅपटॉपमधून निघालेली हार्ड डिस्क आणि बॅकअप: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-३०२: नमस्कार. लॅपटॉप फार स्लो झाला होता म्हणून त्यात एसएसडी, म्हणजे नवीन प्रकारची वेगवान डिस्क, बसवून घेतली. दुकानदाराने आतली जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क परत दिली, चालू आहे म्हणाला. ती बाहेरून जोडून फोटोंचा बॅकअप ठेवता येईल का? मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो फक्त लॅपटॉपवरच आहेत.

ए-७०१: जुन्या डिस्कचा काय भरवसा काकू? नवीन एक्स्टर्नल घ्या सरळ.

सी-५०३: नवीन जरूर घ्या, पण ही टाकू नका. आत्ता फोटोंची एकच प्रत आहे, खरा धोका तो आहे. लॅपटॉप पडला, चोरीला गेला, एसएसडी अचानक गेली तर काहीच हाती राहणार नाही. दुसरी प्रत याच आठवड्यात होत असेल तर याच आठवड्यात करा.

काकू, डिस्कच्या कडेला बघा. सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतील, एक आखूड आणि एक लांब, मधे खाच. आखूड रांगेत ७ पट्ट्या डेटाच्या, लांब रांगेत १५ विजेच्या. असं असेल तर ती साटा डिस्क. दुकानात ‘अडीच इंची साटा केसिंग, यूएसबी ३.०’ असं सांगून मागा, म्हणजे डिस्क ठेवून यूएसबीने जोडायची डबी. हजाराच्या आत मिळतं. डिस्क आत सरकवायची, झाकण लावायचं, झालं. डिस्कची जाडी बहुतेक ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते, म्हणून ९.५ बसेल असंच केसिंग घ्या.

बी-३०२: हो, दोन रांगा आहेत. वेगळा चार्जर लागेल का?

सी-५०३: नाही. लॅपटॉपच्या डिस्कला ५ व्होल्ट पुरतात आणि ते यूएसबीतून मिळतात. फक्त पोर्ट बघून लावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. जुन्या पोर्टवर कधी कधी डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते. ते विजेच्या कमतरतेमुळे असू शकतं. अशा वेळी हब किंवा लांब केबल काढून थेट निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टला लावून बघा. वेगातही मोठा फरक पडतो. ४०० जीबी कॉपी करायला २.० वर तीन तासांच्या वर जातात, ३.० वर साधारण तासाभराचं काम.

ए-१०४: माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपची १ टीबीची आहे, चांगली जाडजूड. तिलाही हेच केसिंग चालेल का?

सी-५०३: नाही काका. ती साडेतीन इंची. तिला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून येत नाहीत. तिच्यासाठी स्वतःचा अडॅप्टर असलेलं केसिंग किंवा डॉक (डिस्क उभी खोचायचा स्टँड) घ्यावा लागेल. तोच अडॅप्टर वापरा. घरातल्या राउटरचा अडॅप्टर बऱ्याचदा १२ व्होल्टचाच असतो, पिनही बसते, पण त्यावर १ अँपिअर लिहिलेलं असलं तर तो पुरणार नाही. डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा साधारण २ अँपिअरपर्यंत ओढते. आणि कडेला पट्ट्यांऐवजी पिनांच्या दोन लांब रांगा असतील तर ती आयडीई आहे, इतकी जुनी डिस्क बॅकअपसाठी नको.

डी-२०४: मी वर्षानुवर्षं असंच करतो. फोटो बाहेरच्या डिस्कवर टाकायचे आणि लॅपटॉपवरून उडवायचे. जागाही मोकळी होते.

सी-५०३: दादा, हे कृपया आजपासून थांबवा. फोटो उडवले की प्रत पुन्हा एकच उरली आणि तीही जुन्या डिस्कवर. तो बॅकअप झालाच नाही, फक्त जागा बदलली. दोन ठिकाणी असेल तेव्हाच बॅकअप. सगळ्यात चांगलं म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला हा ३-२-१ चा नियम आहे. घराबाहेरची प्रत म्हणजे मुलाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्कसुद्धा चालते. गूगलवर फुकट १५ जीबीच मिळतात आणि त्यात मेलही येतो, पण निवडक फोटोंना तेवढे पुरतात.

ए-७०१: पण डिस्क जुनी आहे, हा माझा मुद्दा तसाच राहिला.

सी-५०३: मुद्दा अगदी बरोबर आहे. म्हणून आधी तब्येत तपासायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. वर ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळी बघा. तिथे खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा साठवायचे बिघडलेले छोटे भाग, दिसत असतील तर त्या डिस्कवर फोटो ठेवू नका. टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर तपासत बसू नका, ताबडतोब काढा. ‘गुड’ असली तरी तिला दुसरी प्रतच समजा, एकुलती एक नाही.

बी-३०२: केसिंग आणलं, लावलं. लॅपटॉप म्हणतोय फॉरमॅट करा. करू का?

सी-५०३: थांबा काकू, ‘कॅन्सल’ दाबा! आधी सांगा, या जुन्या डिस्कवर असं काही आहे का जे नवीन एसएसडीवर आलेलं नाही?

बी-३०२: दुकानदाराने सगळं कॉपी केलं म्हणाला.

सी-५०३: ‘म्हणाला’ नको. बारशाचं फोल्डर एसएसडीवर उघडून, पाच-सहा फोटो मोठे करून बघा. व्हिडिओही चालवून बघा. दिसले की मगच फॉरमॅट. फॉरमॅटचा प्रकार विचारेल: फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस, मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सएफॅट. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं) लावलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सेव्ह झालेली असू शकते, तिथे बघा.

सेक्रेटरी: माझं काम यातच होईल असं वाटतंय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेंटेनन्सचे हिशोब, टॅली, सभासदांच्या आय आणि जे नमुन्यांच्या नोंदवह्यांचे स्कॅन, सगळं एकाच डिस्कवर आहे. ए-१०४, तुमची १ टीबीची तपासून चांगली निघाली तर सोसायटीला द्याल का?

ए-१०४: आनंदाने. अडॅप्टरवालं केसिंग सोसायटीच्या खर्चाने घ्या.

सी-५०३: उत्तम. दोन गोष्टी. अडॅप्टर ऑफिसच्या यूपीएसवर लावा, कॉपी चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते. आणि बॅकअप झाला की ‘सेफली रिमूव्ह’ करून डिस्क काढून कपाटात. कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आल्यावर ती डिस्कही कुलूपबंद करेल. टॅली बंद करून मग डेटा कॉपी करा. वर्षातून एकदा तरी बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून उघडून बघायची.

बी-३०२: सगळे फोटो एसएसडीवर आहेत, व्हिडिओपण चालले. फॉरमॅट करून कॉपी सुरू केली. ५५ मिनिटं दाखवतंय.

सी-५०३: मधे झाकण बंद करू नका काकू, लॅपटॉप स्लीपला जाईल. चार्जर लावून ठेवा.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी ११ वाजता ऑफिस उघडतो. ज्यांच्याकडे जुन्या डिस्क पडून आहेत त्यांनी घेऊन या, तपासून घेऊ.

डी-२०४: मी माझी आणतो. उडवलेले फोटो आज रात्रीच लॅपटॉपवर परत कॉपी करतोय.