परवान्याची अडचण
साके म्हणजे तांदळापासून बनणारी जपानी दारू. ‘दुसऱ्याच्या साकेवर आपलं लेबल म्हणजे फसवणूक, आधी स्वतःचा कारखाना काढा’ हे मत मला पटत नाही. जपानमध्ये देशांतर्गत विक्रीसाठी साके बनवायचा नवा परवाना जवळपास मिळतच नाही. शिवाय वर्षाला किमान 60 किलोलिटर उत्पादनाची अट, म्हणजे 720 मिलीच्या 83 हजारांहून जास्त बाटल्या! 2021 पासून या अटीविना नवे परवाने मिळतात, पण ते फक्त निर्यातीसाठी. मग नव्या माणसाने जुन्या कारखान्याकडून साके बनवून घेण्यात गैर काय?

मात्र तयार साकेवर नुसतं लेबल चिकटवू नका. तांदूळ कोणता, तो किती घासायचा (दाइगिंजो या उंची प्रकारच्या साकेसाठी निम्मा किंवा त्याहून कमीच दाणा उरवतात), यीस्ट कोणतं, हे स्वतः ठरवा. आणि कारखान्याशी बोलणी हिवाळ्याआधीच करा, बहुतेकांचा साके बनवायचा हंगाम हिवाळ्यातच असतो.