स्पीडचे बोर्ड आणि स्क्रीनवरचा आकडा, दोन्ही ठेवायचे का?

सांगलीचा_लोकोवेडा:
मंडळी, ओपन रेल्ससाठी (ट्रेन चालवायचा कॉम्प्युटर गेम) आपली पुणे-मिरज लाईन करायला घेतलीय, आदर्कीचा घाट ओलांडला की वाठार, सातारा, कराड करत खाली मिरजेपर्यंत. अडलंय ते स्पीडच्या बोर्डांवर. एफ४ दाबलं की पुढची लिमिट किती, किती लांब, सगळं स्क्रीनवरच्या छोट्या खिडकीत दिसतं, मग रुळाकडं बघतंय कोण? खऱ्या लाईनवर नेमकं काय काय लावतात?

मसूर_लूपलाईन:
भावा, आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. सेक्शनचा नेहमीचा स्पीड वर्किंग टाइम टेबलमध्ये (रेल्वे स्टाफचं वेळापत्रक) असतो, लोको पायलटला तो पाठच असतो. रुळाचं काम चालू असलं की टेम्पररी लिमिट, त्याची कॉशन ऑर्डर आधीच्या स्टेशनवर कागदावर हातात देतात. मग ब्रेक लावायला जागा मिळावी म्हणून बरंच अलीकडं आडवा पिवळा बोर्ड, काळे पट्टे आणि एका टोकाला खाच, त्यावर आकडा नाही. पुढं पिवळा त्रिकोण, त्यात काळ्या अक्षरात २० नाहीतर ३०. शेवटी गोल पिवळी तबकडी, पॅसेंजरला टी/पी आणि मालगाडीला टी/जी.

सांगलीचा_लोकोवेडा:
दोन तबकड्या कशाला?

मसूर_लूपलाईन:
मागच्या डब्यासाठी रे! लिमिट संपते तिथून गाडीच्या लांबीएवढं पुढं ती तबकडी असते, इंजिन तिथं पोचलं म्हणजे शेवटचा डबा पण कामाच्या जागेतून बाहेर. २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरते, मालगाडी त्याहून लांब, म्हणून टी/जी अजून पुढं. काही गेममध्ये नुसतं इंजिन लिमिटमधून बाहेर आलं की लगेच नॉच (इंजिनाची ताकद) वाढवू देतात, ते मला अजिबात पटत नाही. समोर मोकळा रूळ दिसतोय आणि तरी हात थांबवायचा, खरी मजा त्यातच आहे.

माहुली_स्टेशन:
एफ४ सगळ्यांसाठी बंद करू नका असं माझं मत. खऱ्या ड्रायव्हरला नवीन सेक्शनवर सोडायच्या आधी रोड लर्निंग, म्हणजे फेऱ्या मारून लाईन ओळखून घेणं, करावं लागतं, रात्रीच्या ट्रिपसकट. खेळणाऱ्यानं ते कुठं केलंय? त्यापेक्षा सुरुवातीच्या माहितीत कॉशन ऑर्डर दे, किलोमीटरचे आकडे घालून, मग ज्याला जमेल तो एफ४ बंद ठेवेल. आणि फाटकाआधी सी/फा चे (सीटी/फाटक, म्हणजे शिट्टी वाजवा) बोर्ड विसरू नको, ताकारी-भिलवडीच्या उसाच्या पट्ट्यात तर पाहिजेतच.

सांगलीचा_लोकोवेडा:
हे बेस्ट! ताकारीच्या पुढं ३० ची लिमिट टाकतो, कॉशन ऑर्डर कराडला. मालगाडी ५८ वाघिणींची धरली तर टी/जी साठी ७०० मीटर पुरेल का?