मदत हवी आहे: बी-३१-जी आणि मॉडिफाईड बी-३१-जी (गंजलेली पाईप किती प्रेशरला फुटेल ते काढायची सूत्रं) यांच्या उत्तरात एवढा फरक का?

वैतागलोय: गॅस लाईनवर गंज आहे, खोली जाडीच्या ४२ टक्के, लांबी ३०० मिमी. बी-३१-जीने ७१ बारला फुटेल असं येतंय, मॉडिफाईडने ९४. कुठला आकडा धरू? उद्या रिपोर्ट द्यायचाय, लवकर सांगा प्लीज

सीपीवाला: व्यास, जाडी, ग्रेड काहीच नाही, सांगणार काय? आणि आधी गंज का लागला ते बघा. कोटिंग सुटलंय का? सीपीचं (गंज रोखायला पाईपला दिलेल्या करंटचं) पोटेन्शियल उणे ०.८५ व्होल्ट मिळतंय का?

वैतागलोय: अहो ते विचारलंच नाहीये. १८ इंची, ७.१ मिमी जाडी, स्टीलचा ग्रेड एक्स-५२, ४९ बारला चालते

जुना_इन्स्पेक्टर: हिशोब बरोबर आहे तुमचा. या साईझला जुनं सूत्र (बी-३१-जी) साधारण २५५ मिमीपर्यंत गंजाचा आकार पॅराबोला धरतं, त्यापुढे सगळी लांबी ४२ टक्केच खोल आहे असं मानतं, म्हणून आकडा धाडकन पडतो. २५० मिमी घालून बघा, दोन्हीकडे ९५ च्या आसपास येईल. खड्ड्याचं प्रोफाईल मोजलंय का? असेल तर इफेक्टिव्ह एरियाने (खड्ड्याचा खरा आकार धरणाऱ्या पद्धतीने) करा, नुसत्या जास्तीत जास्त खोलीवर जाऊ नका.

डेटावाला: सूत्रं कशाला, न्यूरल नेटवर्क ट्रेन करा ना

जुना_इन्स्पेक्टर: कशावर ट्रेन करणार? एवढ्या पाईपांच्या बर्स्ट टेस्ट (पाईप फुटेपर्यंत प्रेशर देऊन केलेल्या) आहेत कुणाकडे? आणि सही कोण करणार त्याच्यावर?

स्वयंपाकघर: आमच्या पीएनजीची रबरी नळी कडक झालीये, चिरा दिसतायत, चालेल का?

सीपीवाला: नाही ताई, आजच बदला. नंतर जोडावर साबणाचं पाणी लावून बघा.

गोदाकाठ: आंध्रात नगरमला २७ जून २०१४ ला १८ इंचीच लाईन फुटली होती, पहाटे, माणसं झोपेत गेली. तुमच्या लाईनशेजारी वस्ती आहे का हो?

वैतागलोय: आहे, हल्लीच घरं झालीत. आणि एमपीआयमध्ये (चुंबकीय पावडरच्या तपासणीत) गंजाच्या तळाला पाईपच्या लांबीच्या दिशेने बारीक उभ्या रेषा दिसल्यात, पण एमएफएल पिगला (पाईपच्या आतून फिरणाऱ्या चुंबकीय तपासणी यंत्राला) काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही

जुना_इन्स्पेक्टर: अहो हे पहिल्यांदा सांगायचं! उभी बारीक भेग नेहमीच्या एमएफएलला दिसतच नाही. भेग असेल तर ७१ पण नको आणि ९४ पण नको, दोन्ही सूत्रं नुसत्या गंजासाठी आहेत. रेषांची खोली यूटीने (अल्ट्रासोनिकने) काढा, स्टीलची चार्पी व्हॅल्यू (स्टील किती चिवट आहे तो आकडा) शोधा आणि बीएस ७९१० ने (भेगांच्या हिशोबाचं स्टँडर्ड) करा. तोवर प्रेशर ३९ बारवर (आत्ताच्या ८० टक्क्यांवर) आणा, हे आज रात्रीच वरच्यांना कळवा, रिपोर्ट उद्या परवा होईल

वैतागलोय: चार्पी जुन्या कागदात नाहीये, मग काय धरू?

सीपीवाला: आधी फोन करा प्रेशरचा