'विडंबनपट' या शब्दात जिव्हाळा मावतो का?

मेघमल्हार: आमच्या चित्रपट मंडळात लवकरच मेल ब्रुक्स यांचा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (१९७४) दाखवायचा आहे. मराठी माहितीपत्रकात मी त्याला 'जुन्या भयपटांवरचा विडंबनपट' असे म्हटले होते, तो शब्द मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी खोडला. विडंबन म्हणजे वाभाडे काढणे, असे त्यांचे म्हणणे. १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी तयार केलेली प्रयोगशाळेची यंत्रे ज्या दिग्दर्शकाने चाळीस वर्षांनंतर त्यांच्याच गॅरेजमधून मिळवली आणि पुन्हा ठिणग्या उडवत चालू केली, त्याने त्या चित्रपटाचे वाभाडे काढले असे कसे म्हणावे? हा मुद्दा मला पटतो. पण त्यांनी सुचवलेला 'विनोदी चित्रपट' फारच मोघम आहे, कारण ज्याची थट्टा करायची त्यावर आधी जीव असावा लागतो, हे त्यातून कळत नाही. मराठीत या प्रकाराला काय म्हणावे?

दूर्वांकुर: 'विडंबन' खोडण्याचे कारण नव्हते. संस्कृतात या धातूचा पहिला अर्थ अनुकरण करणे हाच आहे. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात शरद ऋतू कमळाचे छत्र आणि फुललेल्या काशगवताच्या चवऱ्या घेऊन रघुराजासारखा होऊ पाहतो. तेथे कालिदासाने 'विडम्बयामास' हेच क्रियापद वापरले आहे आणि पुढे म्हटले आहे की, त्याला रघूची शोभा मात्र मिळाली नाही. यात टिंगलीचा लवलेश नाही. ब्रुक्स यांनी मूळ 'फ्रँकेन्स्टाइन'चे दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्या चित्रपटांचे जे केले ते याहून वेगळे नाही.

जुनी पाटी: कालिदासाने काय लिहिले यावरून आजच्या मराठी वाचकाला काय ऐकू येते ते ठरत नाही, दूर्वांकुरताई. वृत्तपत्रांत 'पुतळ्याची विटंबना' आणि 'न्यायाची विटंबना' वाचून वाचून 'विडंबन' या त्याच घरच्या शब्दालाही तीच कडवट चव आली आहे. मी उभी हयात महसूल खात्यात काढली. तेथे 'नक्कल' म्हणजे मूळ कागदाबरहुकूम केलेली प्रत, तीत काना-मात्रेचाही फरक चालत नाही. माझ्या मते 'नक्कल' हाच शब्द योग्य आहे, कारण या चित्रपटांचा सारा विनोद त्या बरहुकूमपणावर उभा असतो. 'एअरप्लेन!' (१९८०) पाहा. त्याच्या तिघा दिग्दर्शकांनी १९५७ सालच्या 'झीरो अवर!' या गंभीर चित्रपटाचे हक्क रीतसर विकत घेतले आणि त्यातली कित्येक वाक्ये जशीच्या तशी उचलली. विमान चालवता येणारा आणि रात्री मासे न खाल्लेला कोणी प्रवासी आहे का, हा प्रश्न दोन्ही चित्रपटांत सारख्याच गांभीर्याने विचारला जातो. पहिल्यात प्रेक्षक श्वास रोखतो, दुसऱ्यात हसतो.

माडबन: आमच्या कोकणात दशावतार पाहून परतणारी माणसे 'सोंग चांगले वठले' असे म्हणतात. नक्कल केली जाते, पण सोंग वठावे लागते, आणि वठण्यासाठी नटाला त्या पात्रात शिरावे लागते. 'एअरप्लेन!'मध्ये लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस हे गंभीर भूमिकांसाठी ओळखले जाणारे नट मुद्दाम घेतले होते, आणि त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता ती वाक्ये म्हटली. म्हणून मला 'सोंगपट' हा शब्द सुचवावासा वाटतो.

सोनसाखळी: 'सोंग' शब्दाला ढोंगाचा वास येतो, 'सोंगाड्या' आणि 'सोंग घेऊन पडला' हे प्रयोग आठवावेत. 'नक्कल'ही मला अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण 'यंग फ्रँकेन्स्टाइन'च्याच एका प्रसंगात आहे. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) मध्ये अंध तपस्वी त्या राक्षसाला आपल्या झोपडीत घेतो, खाऊपिऊ घालतो आणि त्याचा मित्र होतो. तो प्रसंग डोळ्यांत पाणी आणणारा आहे. ब्रुक्स यांच्या चित्रपटात जीन हॅकमन हाच तपस्वी होतो, तितक्याच मायेने उकळते सूप राक्षसाच्या मांडीवर ओततो, पेला आपटून फोडतो आणि चिरूट पेटवताना त्याचा अंगठा पेटवतो. तपस्व्याची माया मात्र जरासुद्धा कमी केलेली नाही, म्हणूनच हसता हसता मूळ प्रसंगाची थोरवी मनात आणखी ठसते. साहित्यशास्त्रात निंदेच्या मिषाने केलेल्या स्तुतीला 'व्याजस्तुती' म्हणतात. हा शब्द तयार असताना नवा कशाला घडवायचा?

दूर्वांकुर: व्याजस्तुती हा अलंकार एखाद्या उक्तीपुरता असतो, संपूर्ण शैलीला तो कसा लावणार? ब्रुक्स यांनी कृष्णधवल चित्रीकरणाचा हट्ट धरला आणि त्यापायी एका स्टुडिओचा करार सोडून दुसऱ्या स्टुडिओकडे गेले. छायाप्रकाश, जुन्या धर्तीची दृश्यांतरे, जॉन मॉरिस यांचे व्हायोलिनचे संगीत, या सगळ्यांतून त्यांनी त्या काळाचा पडदा उभा केला. हे शैलीचे अनुकरण आहे आणि त्याला 'विडंबन' हेच नाव शोभते. मराठीत तर केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्रे यांनी, 'झेंडूची फुले' या विडंबनकवितांच्या संग्रहामध्ये समकालीन कवींची वृत्ते आणि शब्दकळा इतकी आत्मसात केली की, कवितेवर प्रेम नसणाऱ्याला ती विडंबने लिहिताच आली नसती.

जुनी पाटी: केशवकुमारांच्या त्या कवितांनी काही कवी घायाळ झाले, हेही सांगितले पाहिजे. चित्रपटाच्या बाबतीत तसे नाही. 'डेड मेन डोन्ट वेअर प्लॅड' (१९८२) या चित्रपटात स्टीव्ह मार्टिन जुन्या चित्रपटांतल्या खऱ्या तुकड्यांशी संभाषण करतात, आणि एका ठिकाणी तर सोनेरी केसांचा टोप घालून 'डबल इंडेम्निटी'तल्या (१९४४) बार्बरा स्टॅनविक यांच्या जागी उभे राहतात. स्टॅनविक यांचे मूळ कपडे ईडिथ हेड यांचे होते आणि त्या चित्रपटाचे संगीत मिक्लोश रोझा यांचे. नव्या चित्रपटाचे कपडेही हेड यांनीच केले आणि संगीतही रोझा यांनीच दिले. दोघांचाही तो अखेरचा चित्रपट ठरला. ज्यांनी मूळ वस्तू घडवली त्यांच्याच हातची ही प्रत आहे, म्हणजे खऱ्या अर्थाने सही-शिक्क्याची नक्कल!

तिसरी घंटा: सर्वांचे मुद्दे वाचले. प्रेक्षक 'स्पूफ' म्हणतात, तेच छापावे. 'सिनेमा' चालतो, मग 'स्पूफ' का चालू नये?

दूर्वांकुर: सावरकरांनी 'दिग्दर्शक' हा शब्द दिला तेव्हाही 'डायरेक्टर' चालतच होता. आज आपण सगळे याच धाग्यावर 'दिग्दर्शक' लिहीत आहोत. चालणाऱ्या शब्दाला शरण जाणे हा एकमेव मार्ग नाही.

माडबन: परंतु 'दिग्दर्शक' रुळला तो लोकांनी उचलला म्हणून. 'सोंग' त्यांनी आधीच उचललेले आहे.

सोनसाखळी: शब्दाचे ठरेपर्यंत मेघमल्हार यांनी नावाचा विचार करावा, असे मला वाटते, कारण माहितीपत्रकात तो प्रश्न अधिक अवघड आहे. चित्रपटाचा नायक आजोबांच्या नावाची लाज वाटून आपले आडनाव 'फ्रॉन्कन्स्टीन' असे उच्चारतो, आणि मदतनीसही मग 'ईगॉर' नव्हे, 'आयगॉर' म्हणा, असे बजावतो. सर्वत्र 'फ्रँकेन्स्टाइन' छापले तर हा विनोद मराठी वाचकापर्यंत पोचणार नाही.

मेघमल्हार: पोचायला हवा, कारण पुढे नायक स्वतःच 'फ्रँकेन्स्टाइन' हे नाव ओरडून स्वीकारतो. पात्रपरिचयात मी 'फ्रॉन्कन्स्टीन' आणि शीर्षकात 'फ्रँकेन्स्टाइन' ठेवीन.

जुनी पाटी: मग पहिल्या अक्षरावर 'फ्रॉ' असा अर्धचंद्र देणार की 'फ्रा' लिहिणार? आपल्याकडे 'डॉक्टर' आणि 'डाक्टर' दोन्ही ऐकू येतात.

दूर्वांकुर: अर्धचंद्रच हवा. 'फ्रा' लिहिल्यास तो उच्चार फ्रान्सकडे झुकतो, आणि ही गोष्ट ट्रान्सिल्व्हेनियातली आहे.