मदत हवी आहे: ओसेटिक भाषेत विशेषण बदलतं की नाही?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा आडवळणाचा आहे. पण इथे अवेस्ता-फारसी वाचलेली दोन-तीन माणसं आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारायचा धीर करतेय.

माझा भाचा व्लादिकावकाझला मेडिकलला आहे. मागच्या सुट्टीत घरात शिरतानाच म्हणाला, "दॅ बोन खोर्झ!" शब्दशः 'तुझा दिवस चांगला', म्हणजे तिकडचा नमस्कार. भाषा रशियन नव्हे, ओसेटिक: कॉकेशसच्या डोंगरात टिकून राहिलेली इराणी शाखेतली. माझं एम.ए. संस्कृतमधलं, त्यामुळे कान टवकारले. तेव्हापासून वही घेऊन बसलेय आणि आता विशेषणांपाशी गाडी अडलीय. (उच्चार देवनागरीत जमतील तसे दिलेत. रशियन लिपीत त्यांनी 'ए'ला चिकटलेलं 'अ' असं एक रोमन अक्षर घुसवलंय, त्याला मी ॲ लिहिते.)

जे कळलं ते आधी सांगते. या भाषेत लिंगच नाही. खोर्झ लॅग म्हणजे चांगला माणूस, खोर्झ उस म्हणजे चांगली बाई. खोर्झ लॅग्तॅ चांगली माणसं, खोर्झ लॅग्तॅन चांगल्या माणसांना. विभक्त्या नऊ, पण प्रत्यय सगळे नामाला. खोर्झ आपलं जागचं हलत नाही. चांगला-चांगली-चांगले-चांगल्या करण्यात जन्म गेलेल्या बाईला हे म्हणजे माहेरपण.

तुलनेचा प्रत्यय -दॅर, म्हणजे लघुतर-गुरुतरमधला आपला 'तर'च. बॅर्झोन्द म्हणजे उंच (आपल्या बृहत्‌चा भाऊ). "एल्ब्रुस काझबेकॅय बॅर्झोन्द्दॅर उ": एल्ब्रुस काझबेकपेक्षा उंच आहे. काझबेकला पंचमी आणि विशेषणालाही खूण. आपण 'पेक्षा' लावून मोकळे होतो, ते दोन्हीकडे गाठ मारतात. खोर्झचं मात्र ख्विझ्दॅर होतं, मधला र गायब. ते पाठच करून टाकलं.

आता घोळ. झॅरोन्द म्हणजे म्हातारा, यात जरत् सरळ दिसतोय. पण वाचताना 'झॅरॅद्तॅ' आलं. शेवटी अनेकवचनाचा -तॅ! विशेषण बदलत नाही म्हणतात ना? त्यात भर म्हणजे 'शुभ रात्री'ला 'खॅर्झॲख्सॅव'. ॲख्सॅव रात्र हे कळलं, पण खोर्झचं खॅर्झ का झालं? आणि सगळ्यात लाजिरवाणं: 'ॲझ दॅर' दिसलं. ॲझ म्हणजे मी. मी वहीत लिहिलं, 'मी-तर, अधिक मी'. शेजारच्या रशियन भाषांतरात तुलनेचं नावही नव्हतं. कुठे चुकतेय?

— चिंचेचा कोळ

*

ताई, शेवटापासून सुरुवात करतो. ॲझ दॅर म्हणजे 'मीसुद्धा'. हा दॅर वेगळा शब्द, 'देखील'च्या अर्थाचा. सुटा लिहिला की 'देखील', विशेषणाला चिकटला की 'तर'. सर्वनामामागे सुटा दिसला तर तुलना शोधत बसू नका. 'अधिक मी' मात्र खोडू नका, छान आहे.

झॅरॅद्तॅ म्हणजे म्हातारी माणसं. इथे पुढे नाम नाहीच, विशेषणच नाम होऊन बसलंय, मग प्रत्यय दुसरं कोण घेणार? मराठीत 'हुशार' बघा. हुशार मुलगा, हुशार मुलीला, हुशार मुलांनी: हुशार ढिम्म. पण नाम गाळलं की 'हुशारांना वेगळं बसवलं'. ओसेटिकमध्ये सगळीच विशेषणं 'हुशार'सारखी वागतात, 'चांगला'सारखं कोणी नाही.

राहिला स्वर. खोख म्हणजे डोंगर, अनेकवचन खॅख्तॅ. पुढे काही जोडलं की ओचा ॲ होण्याची खोड नामांनाही आहे. झॅरोन्दचं तेच झालंय, शिवाय न गळलाय. खॅर्झॲख्सॅवही तसंच, तो समास आहे, कर्मधारय म्हणा. आणि ॲख्सॅव म्हणजे तुमची क्षपा.

खरं तर समास नसतानाही विशेषण आणि नाम एका दमात बोलतात. दोघांत मिळून आघात एकच, तोही पहिल्या किंवा दुसऱ्या अक्षरावर. भाच्याला 'खोर्झ लॅग' म्हणायला लावा आणि लॅगवर जोर येतो का ते ऐका.

— अडगळीतला कोश

*

'हुशार'चं उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं! तर सापडला, मग 'तम' कुठाय? लघुतमसारखं काही?

— चिंचेचा कोळ

*

मध्येच तोंड घालते. तम नाही. 'ॲप्पॅती ख्विझ्दॅर' म्हणतात, सगळ्यांत अधिक चांगला. म्हणजे इथे मराठीच्या वाटेने गेले. उलट दिशेला -गोमाउ आहे, आपला -सर: स्तिर मोठा, स्तिरगोमाउ मोठासा. आणि हे सगळं इरोन बोलीचं चाललंय. दिगोर बोलीत नव्याला नॅवॅग म्हणतात, इरोनमध्ये त्याचं नोग झालंय. तुम्हाला संस्कृत शोधायचं असेल तर दिगोरही चाळा, मजा येईल. लांबला दार्घ म्हणतात, हे मी सांगायच्या आधी सापडलं असेलच.

— उंबरठा

*

दार्घ नव्हतं सापडलं! काल रात्री साडेदहाला भाच्याला ऐटीत 'खॅर्झॲख्सॅव' पाठवलं. त्याचं उत्तर: "मावशी, इथे आत्ता कुठे आठ वाजलेत, जेवायचंय अजून." आघाताचं रविवारी फोनवर विचारते आणि इथे कळवते.

— चिंचेचा कोळ