मदत हवी आहे: बटरनट भोपळ्याची छोटी फळं पिवळी पडून गळतात

बटरनटचे दोन वेल जमिनीत लावलेत, पेरून १० आठवडे झाले. मादी फुलं (मागे इवलासा भोपळा असलेली) भरपूर येतात. पण फूल मिटल्यावर चार-पाच दिवसांत फळ फुलाच्या टोकाकडून पिवळं पडतं, मऊ होतं आणि गळतं. आतापर्यंत ९ गेली. एकच टिकलंय, तळहाताएवढं झालंय. प्रत्येक वेळी फार वाईट वाटतं.

गेले दोन आठवडे रोज सकाळी सातच्या आत हाताने परागीभवन करते आहे: ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलात फिरवते. तशी केलेली ५ फुलं, त्यातली ४ गळली. शेजारी झुकिनी आहे, पण तिची प्रजाती वेगळी म्हणून तिचे पराग वापरलेले नाहीत. तिला मात्र फळं व्यवस्थित धरतात, मधमाश्याही येतात.

ऊन सात-आठ तास, पाणी एक दिवसाआड मुळाशी. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) नाही, फळमाशीचे डंख नाहीत. गळलेली फळं कापून पाहिली, अळी नव्हती. पानं मात्र खूप मोठी, गडद हिरवी. महिन्याभरापूर्वी शेणखत जरा सढळ हाताने घातलं होतं, माझा संशय तिथेच आहे. दुपारी तापमान ३६ अंशांवर जातं. मधमाश्यांमुळे रासायनिक फवारणी नको आहे.

हे नत्र जास्त झाल्याने होतंय की उष्णतेने, हे वेलावरून कसं ओळखायचं? आणि टिकलेलं एक फळ कोवळंच तोडून भाजीला वापरलं, तर वेल पुढची फळं धरेल का?