सांभाळणाऱ्याला मराठीत काय म्हणावे?

फोंड्यातील एका स्नेह्यांना वृत्तपत्रात छोटी जाहिरात द्यायची होती. घरात ऐंशी ओलांडलेली आई, मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर, तेव्हा दिवसभर तिच्याजवळ राहून औषधपाणी पाहील अशी बाई त्यांना हवी होती. ‘केअरटेकर’ लिहायचे नाही असा निश्चय करून त्यांनी ‘काळजीवाहू बाई पाहिजे’ असा मजकूर तयार केला, तो वाचून दाखवला, आणि सगळे घर हसले. सरकारे पडताना इतक्या वेळा पाहिलेल्या गोव्यात काळजीवाहू म्हटले की राजभवनच डोळ्यांसमोर येते.

वास्तविक शब्दात काहीच खोट नाही. ‘काळजी वाहणे’ हा अस्सल मराठी प्रयोग आहे आणि मालवाहू, विमानवाहू या शब्दांप्रमाणेच काळजीवाहू हा शब्द सरळ घडलेला आहे. मात्र वृत्तपत्रांनी तो ‘सरकार’ आणि ‘मुख्यमंत्री’ यांच्याशी इतका जखडून टाकला की काळजी मागे पडली आणि ‘दुसरा येईपर्यंतचा’ एवढाच अर्थ पुढे उरला. (बाईही बहुधा दुसरी येईपर्यंतचीच असते, असे स्नेह्यांच्या सूनबाई म्हणाल्या, पण तो मुद्दा भाषेचा नव्हे.)

मग कोणीतरी ‘आया’ सुचवला आणि ‘आईसारखी ती आया’ अशी व्युत्पत्तीही जोडून दिली. ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. आया हा शब्द पोर्तुगीज ‘आइया’पासून आला असून श्रीमंत घरातील मुलांची देखभाल करणारी आणि त्यांना वळण लावणारी बाई असा त्याचा मूळ अर्थ आहे. त्याच्याही मागे लॅटिनमधील ‘आविया’ म्हणजे आजी आहे. पगार, चावी आणि तुरुंग हे शब्द ज्या भाषेतून मराठीत उतरले त्याच भाषेतून आयाही उतरली. नोकरीचा सगळा सरंजाम एकदमच आला म्हणायचा.

घोटाळा होतो तो ‘आई’च्या अनेकवचनामुळे, कारण तेही ‘आया’च होते. ‘शाळेत आया जमल्या होत्या’ या वाक्यात मुलांच्या माता जमल्या होत्या की शाळेतील सेविका, हे केवळ वाक्यावरून सांगता येणार नाही. कोकणीत आईला ‘आवय’ म्हणतात, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. मराठीत मात्र विभक्तीचा प्रत्यय लावून पाहिला तर या शब्दाविषयी आणखी एक गोष्ट कळते. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे सामान्यरूप एरवी एकारान्त होते: शाळा-शाळेला, माळा-माळेला. या नियमाने ‘आयेला’ व्हायला हवे, पण आपण ‘आयाला’ म्हणतो, जसे ‘अक्काला’ किंवा ‘आत्याला’ म्हणतो. म्हणजे परक्या भाषेतून आलेल्या या पगारी बाईला मराठीने नात्यातल्या बायकांच्या ओळीत बसवले आहे. व्युत्पत्ती चुकीची असली तरी ती सांगणाऱ्याचा कान चुकलेला नव्हता, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. जाहिरातीपुरता मात्र हा शब्द गैरसोयीचा ठरला, कारण आया ही बालवाडीतली किंवा इस्पितळाच्या वॉर्डातली, आणि वृद्ध आईसाठी आया ठेवली असे म्हणताच आईचे मूल होते.

‘परिचारिका’ म्हटले की शिकलेली, गणवेशातली नर्स समोर उभी राहते. ‘शुश्रूषा करणारी’ हा पर्याय मला स्वतःला आवडला होता. शुश्रूषा हे ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूचे इच्छादर्शक रूप आहे. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. ऐकण्याची इच्छा म्हणजे आज्ञाधारकपणा, त्यातून सेवा, आणि सेवेतून रुग्णसेवा, असा तिचा प्रवास झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे दहाव्यांदा तेच बोलणे ज्याने ऐकून घेतले आहे त्याला या शब्दाची मूळ जागा बरोबर सापडते. अडचण एवढीच की पहिला ‘शु’ ऱ्हस्व आणि दुसरा ‘श्रू’ दीर्घ, आणि दहापैकी आठ जण तो ‘सुश्रुषा’ असा लिहितात. जाहिरात लावणाऱ्याकडून तो नीट छापून येईल याची मला खात्री नव्हती.

‘पालक’ हा शब्द खरे तर सर्वांत योग्य होता, कारण ‘पाल्’ या धातूत राखणे आणि पोसणे हे दोन्ही अर्थ आहेत. द्वारपाल आणि क्षेत्रपाल राखतात, गोपाल राखतो आणि चारतोही. परंतु शाळेच्या अर्जावरील ‘पालकाची सही’ या रकान्याने त्याला आईबापांपुरते आखडून टाकले. हिंदीत या जागी ‘अभिभावक’ वापरतात आणि अलीकडे मराठी परिपत्रकांतही तो डोकावतो, तो येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. संस्कृतात अभिभव म्हणजे पराभव, आणि अभिभावक म्हणजे दुसऱ्यावर मात करणारा. महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे आढळतात. ती ‘अज्ञान पालन कर्ता’ याची आद्याक्षरे होत आणि त्यातील अज्ञान म्हणजे वयाने लहान. आपल्याकडे गोव्यात जमिनीच्या नोंदीसाठी सातबाऱ्याऐवजी फॉर्म १ व १४ असल्यामुळे ही अक्षरे गोमंतकीयांच्या नजरेस सहसा पडत नाहीत. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेत अज्ञान मुलाच्या अशा पालकाला ‘तुतोर’ म्हटले आहे. या शब्दाचाही मूळ लॅटिन अर्थ रक्षण करणारा असाच आहे, पण इंग्रजीने त्याला शिकवणी घेणारा ट्यूटर करून टाकले.

राखण्याविषयी बोलायचे तर आपल्याकडे शब्दांची वाण नाही. संस्कृत ‘रक्ष्’पासून राखणे, त्यावरून राखण, आणि राखणीला फारसी ‘दार’ जोडून राखणदार. दुकानदार, जमीनदार यांच्याच साच्यात घडलेला हा शब्द गोव्यात मात्र देवाच्या नावामागे लागतो. बोडगेश्वर हा म्हापशाचा राखणदार, आणि गावोगावी असे राखणदार आहेत. पलीकडे वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. राखण म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्याही कोशात मिळालेली नाही. याच धातूपासून मराठीत गुराखी आणि कोकणीत राखणो झाले. तोही पायांनीच राखतो.

‘त्याला कोणी वाली नाही’ यातील वाली रामायणातला नसून अरबीतून आलेला आहे, हे जाता जाता नोंदवतो.

या सर्व नामांत राखणारा बहुतेक पुरुष आहे. ‘पाठराखीण’ हा एक ठळक अपवाद. नवी नवरी सासरी जाताना सोबत जाणारी, परक्या घरात तिच्याशेजारी निजणारी आणि चार दिवसांनी परतणारी बाई म्हणजे पाठराखीण. आज बातम्यांत नेते एकमेकांची ‘पाठराखण’ करतात, पण ती बाई दिसेनाशी झाली आहे. सांभाळणाऱ्यांसाठी मात्र मराठी क्रियापदावरच भागवते: ‘तिने सासूला सांभाळले’, ‘त्याने भावाचे केले’. ‘केले’ या एका शब्दात आंघोळ, जेवण, जागरण सगळे येते आणि ते करणाऱ्याला वेगळे नाव द्यावे असे कोणाला वाटलेले नाही. त्यामुळे नाम हवे झाले की ते पोर्तुगीजातून, संस्कृतातून किंवा इंग्रजीतूनच आणावे लागते.

शेवटी जाहिरात छापून आली ती अशी: ‘फोंडा येथे वृद्ध आईला सांभाळण्यासाठी बाई हवी. रात्री थांबण्याची गरज नाही.’ तिसऱ्या दिवशी शिरोड्याहून एक बाई आल्या. आता म्हातारी त्यांना ‘बाय’ म्हणते, नातवंडे मावशी म्हणतात, आणि पगाराच्या वहीत त्यांच्या नावापुढे स्नेह्यांनी ‘केअरटेकर’ असे लिहिले आहे.